पीपी दाण्यात पीई नक्की किती? दोन लॅब, दोन आकडे

भोसरीचा_मोल्डर

मंडळी, प्लास्टिकवाले आणि आकडेमोडवाले दोघांनीही वाचावं असा प्रश्न आहे.

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट आहे. बादल्या, क्रेट, चाकणच्या दोन गिऱ्हाइकांसाठी बिजागरीची झाकणं. जिथे नवा पीपी (पॉलिप्रोपिलीन) परवडत नाही तिथे रिप्रोसेस, म्हणजे भंगार प्लास्टिक वितळवून केलेला दाणा वापरतो, तो कुदळवाडीच्या भंगार गोदामांकडून येतो. हल्लीच्या लॉटमध्ये कटकट सुरू झाली आहे. गेटपाशी, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरतं तिथे, नखाने खरवडलं तर पापुद्रा निघतो, आणि झाकण दुमडलं की बिजागरी पांढरी पडून तुटते. आमचा ऑपरेटर म्हणतो दाण्यात पीई (पॉलिएथिलीन) घुसलंय. पुरवठादार छातीवर हात ठेवून सांगतो, "साहेब, शंभर टक्के पीपी."

म्हणून एकाच पोत्यातला माल दोन लॅबना दिला. एकीच्या रिपोर्टवर पीपीसमोर ८७.३, दुसरीच्या रिपोर्टवर पीपी ७६ टक्के. दोन्हीकडे एफटीआयआर मशीन (इन्फ्रारेड प्रकाशाने पदार्थ ओळखणारं), दोन्हीकडे पैसे रोख मोजले. आता यातलं कुणाचं खरं धरायचं? आणि हे काम आपलं आपण करता येण्यासारखं आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.


भंगारशास्त्री

लॅबबिब कशाला राव. पाण्याच्या टाकीत टाका, वर येईल ते वेगळं काढा. नाहीतर दाणा पेटवून वास घ्या. आमच्याकडे सॉर्टिंगची पोरं वाकवून आणि वास घेऊन सांगतात, चुकत नाहीत.


शोषणपट्टा

@भंगारशास्त्री, टाकीने पीव्हीसी आणि पेट (बाटल्यांचं प्लास्टिक) खाली बसेल, ते बरोबर. पण पीपीची घनता ०.९० ते ०.९१ आणि एचडी पीईची ०.९४ ते ०.९७. दोघंही पाण्यावर तरंगणार. शिवाय इथे माल एकदा एक्स्ट्रूडरमधून निघालाय, एकाच दाण्यात दोन्ही आहेत. वेगळं काय काढणार? जळताना पीईला मेणबत्तीचा वास येतो हे खरं, पण वीस टक्के पीईचा वास ओळखणारं नाक मला तरी माहीत नाही.

@मोल्डर, एक काम करा. पहिल्या रिपोर्टवर ८७.३ च्या डोक्यावर रकान्याचं नाव काय आहे ते बघून सांगा. मला एक शंका आहे.


भोसरीचा_मोल्डर

बघितलं. "मॅच" लिहिलंय. खाली बारीक अक्षरात कुठल्यातरी लायब्ररीचं नाव.


शोषणपट्टा

वाटलंच होतं. तो टक्केवारीचा आकडाच नाही.

मशीनबरोबर एक लायब्ररी येते, ओळखीच्या प्लास्टिकच्या हजारो स्पेक्ट्रमची. सॉफ्टवेअर तुमच्या नमुन्याचा आलेख त्या प्रत्येकाशी ताडून बघतं आणि साम्याचे गुण देतं. ८७.३ म्हणजे "हा आलेख आमच्याकडच्या पीपीसारखा बराच दिसतो" एवढंच. त्यात फिलर (भरणीची पूड) असेल, रंग असेल, बेसलाइन (आलेखाची पायाची रेषा) तिरकी असेल तरी गुण कमी होतात. उलट पंधरा टक्के पीई असूनही गुण ९५ येऊ शकतात, कारण आलेखाचा बराचसा भाग पीपीच व्यापतो. गुणांपुढे कुणी टक्क्याचं चिन्ह छापत नाही, पण वाचणारा मनात लावतोच. ऑपरेटरने हे फोनवर सांगायला हवं होतं.

म्हणजे एका लॅबने "हे काय आहे" या प्रश्नाचं उत्तर दिलं. "किती आहे" हा प्रश्न वेगळा, त्याला कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्यांवरून गणित बसवणं. दुसरीने ७६ दिले म्हणजे तिने काहीतरी गणित केलंय. ते कसलं, हे त्यांना विचारा. कुठल्या रेघा धरल्या, प्रमाण-नमुने कुठल्या मालाचे होते, नमुना एटीआरवर ठेवला (क्रिस्टलवर दाबून वरचा थर बघतात) की फिल्म काढली (तिच्यातून प्रकाश आरपार सोडतात).


कोथरूडची_मावशी

रसायनशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच. पण वाचायला मजा येतेय. रेघा म्हणजे काय ते कुणी सोप्या भाषेत सांगेल का?


शोषणपट्टा

मावशी, प्रयत्न करतो.

रेणूतले बंध सतत हलत असतात. ताणले जातात, वाकतात, डोलतात. प्रत्येक हालचालीची आपली एक लय असते आणि त्याच लयीचा इन्फ्रारेड प्रकाश ती शोषून घेते. कुठल्या लयीला किती प्रकाश गायब झाला याचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. आडव्या अक्षावरचे आकडे म्हणजे एका सेंटिमीटरात त्या प्रकाशाच्या किती लाटा बसतात ते.

पीई म्हणजे नुसती सीएच-टूची लांबच लांब साखळी. ती साखळी डोलते त्याची रेघ ७२० ला येते. स्फटिक झालेल्या भागात ती फुटून ७२० आणि ७३० अशी जोडी दिसते. पीपीत दर दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल गट लोंबतो. त्याच्या वाकण्याची रेघ १३७६ ला. शिवाय पीपीच्या ११६७, ९९८, ९७३, ८४१ अशा आणखी रेघा आहेत.

आता बीअर-लँबर्टचा नियम: शोषण हे पदार्थाच्या प्रमाणाच्या आणि जाडीच्या गुणाकारावर चालतं. जाडी दर फिल्मला वेगळी, म्हणून एका रेघेच्या उंचीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन रेघांचं गुणोत्तर घेतलं की जाडी वर-खाली दोन्हीकडे असल्याने कटते. एथिलीन-प्रोपिलीन रबरातलं एथिलीन काढायची एएसटीएम डी ३९०० पद्धत याच तत्त्वावर आहे, तिच्यात ११५६ आणि ७२२ या रेघा धरतात.

एक बारकावा. ७२० ला १३७६ ने नुसतं भागलं तर उत्तर टक्केवारीबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, पीई वाढेल तशी रेषा वर वळते. त्याऐवजी ७२० चं शोषण भागिले दोन्ही शोषणांची बेरीज असं घेतलं तर वळण बरंच सौम्य होतं.


पाषाणचा_संशोधक

दोन रेघांचं गुणोत्तर ही पन्नास वर्षांपूर्वीची पद्धत झाली. आता अख्खा स्पेक्ट्रम वापरा, पीएलएस रिग्रेशन लावा, म्हणजे सगळ्या आलेखावरून टक्केवारीचं भाकीत करणारं मॉडेल. आधी स्पेक्ट्रमची साफसफाई (एसएनव्ही, सावित्स्की-गोले डेरिव्हेटिव्ह), मग क्रॉस-व्हॅलिडेशन, म्हणजे थोडा डेटा बाजूला ठेवून त्यावर मॉडेल तपासणं. पायथॉनमध्ये वीस ओळींचं काम. आर स्क्वेअर (मॉडेल किती जुळतं त्याचा आकडा, एक म्हणजे पूर्ण जुळलं) ०.९९ सहज येतो.


चल_आणि_अचल

आर स्क्वेअर ०.९९ सहज येतो, हीच तर अडचण आहे.

मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. प्लास्टिकमधलं कळत नाही. पण शून्य ते शंभर टक्के असा अख्खा पट्टा घेऊन नमुने केलेत, तर तीन-तीन टक्क्यांनी चुकणारं मॉडेलसुद्धा ०.९९ दाखवेल. कारण आर स्क्वेअर चुकीची तुलना नमुन्यांच्या पसाऱ्याशी करतो. पसारा मोठा केला की तो आपोआप सुधारतो, भाकीत मात्र आहे तिथेच. मोल्डरसाहेबांना शून्य ते तीस टक्के पीई एवढ्यातच रस आहे. त्यांनी तेवढ्याच पट्ट्यात नमुने करावेत आणि चूक टक्क्यांतच सांगावी. आरएमएसईपी, म्हणजे मॉडेलने कधीही न पाहिलेल्या नमुन्यांवर सरासरी किती चुकलं तो आकडा.

"न पाहिलेल्या" यावर जोर आहे. क्रॉस-व्हॅलिडेशनमध्ये एक भानगड मी परीक्षक असताना वारंवार पाहिली. विद्यार्थी एका नमुन्याचे पाच स्पेक्ट्रम घेतो आणि एकेक स्पेक्ट्रम बाजूला काढून तपासतो. एक बाहेर ठेवला तरी त्याची चार भावंडं मॉडेलमध्ये बसलेली आहेत! चूक छोटी दिसणारच. काढायचा तर अख्खा नमुना काढा, पाचही स्पेक्ट्रमसकट.


पाषाणचा_संशोधक

सर, ते मान्य. गट करूनच बाहेर काढायला हवं. पण गुणोत्तर-पद्धतीत हे सगळे प्रश्न सुटतात असं तर नाही ना?


चल_आणि_अचल

सुटत नाहीत, पण दिसतात. दोन रेघांच्या आलेखावर एखादा ठिपका भरकटला की डोळ्याला कळतं. पीएलएसमध्ये दहा घटक (स्पेक्ट्रममधल्या बदलाच्या दिशा) घातले की भरकटलेला ठिपकासुद्धा गुमान रेषेवर येऊन बसतो. किती घटक घेणार तुम्ही?


पाषाणचा_संशोधक

आरएमएसईसीव्ही (क्रॉस-व्हॅलिडेशनमधली सरासरी चूक) खाली यायचा थांबेल तिथपर्यंत. मिश्रण दोनच पदार्थांचं असलं तरी तीन-चार घटक लागतात, कारण स्फटिकता, बेसलाइन, फिल्मची जाडी हे पण स्पेक्ट्रममध्ये बोलतात. सहाच्या वर गेलं तर मलाही संशय येईल.

अवांतर: पीएलएस मुळात रसायनातलं नाहीच. हर्मन वोल्ड या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने ते अर्थमितीसाठी काढलं, आणि त्याच्या मुलाने, स्वान्ते वोल्डने, रसायनात आणलं. बापाची विद्या मुलाने भलत्याच दुकानात चालवली.


जुना_कंपाउंडर

तुम्ही दोघं गणितात रमलात, दाण्याकडे कुणी बघतच नाहीये. पॉलिमरमध्ये हयात गेली म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट, "पीपी" हा एक माल नाही. होमो (नुसतं प्रोपिलीन), रँडम कोपॉलिमर आणि इम्पॅक्ट कोपॉलिमर असे तीन भाऊ आहेत. इम्पॅक्ट ग्रेडमध्ये कंपनीनेच एथिलीन-प्रोपिलीनचं रबर घातलेलं असतं आणि त्यात एथिलीनच्या लांब साखळ्या असतात. त्या ७२० लाच दिसतात! बॅटरीची खोकी, बंपर, क्रेट यांचं भंगार बहुतेक इम्पॅक्ट ग्रेडचं. म्हणजे एक कणही पीई न मिसळलेला शुद्ध बॅटरी-दाणा तुमच्या होमो पीपीवर बसवलेल्या कॅलिब्रेशनमध्ये घातला तर मशीन पीई दाखवणार, आणि पुरवठादार बिचारा खरं बोलत असून खोटा ठरणार. रँडम ग्रेडमध्ये एथिलीन एकटं-दुकटं असतं, त्याची रेघ सरकून ७३३ च्या आसपास येते. तीक्ष्ण नजरेला फरक दिसतो, घाईत एकत्र मोजलं जातं.

दुसरी, "पीई" हाही एक माल नाही. एलडी पीईला फांद्या असतात आणि फांदीच्या टोकाला मिथाइल गट. त्याची रेघ १३७७ ला, म्हणजे पीपीच्या रेघेच्या डोक्यावरच. पिशव्यांचा एलडी आला की एचडीवर बसवलेलं गणित सरकतं.

तिसरी गोष्ट सर्वात घातक. रिप्रोसेस दाण्यात स्वस्ताईसाठी फिलर मास्टरबॅच टाकतात, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या रेघा १४२० च्या आसपास एक लठ्ठ डोंगर, ८७५ ला एक टोकदार सुळका आणि ७१२ ला एक छोटी रेघ. ७१२ आणि ७२० किती जवळ आहेत बघा. ज्याने डोळे मिटून ७०० ते ७४० चं क्षेत्रफळ मोजलं, त्याने खडू पीई म्हणून मोजला. आणि १४२० चा डोंगर १३७६ ची बेसलाइन उचलतो ती वेगळीच. मोल्डरसाहेब, तुमच्या स्पेक्ट्रममध्ये ८७५ ला सुळका आहे का? असेल तर ते ७६ टक्के मी तरी मानणार नाही.

टाल्क (शंखजिरं) असेल तर त्याचा डोंगर १०१८ पाशी, म्हणजे पीपीच्या ९९८ च्या उरावर. टायटॅनियम डायऑक्साइड (पांढरा रंग) असेल तर ८०० च्या खाली सगळंच बसकं होतं.


भोसरीचा_मोल्डर

काका, दंडवत. दुसऱ्या लॅबकडून स्पेक्ट्रमची फाइल मागवली. ८७५ ला सुळका आहे. चांगला जाडजूड.


जुना_कंपाउंडर

मग आधी राख काढा. दाणा क्रुसिबलमध्ये घालून भट्टीत ६०० अंशांच्या खाली जाळा. त्याच्या वर नेलं तर कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडायला लागतो आणि वजन कमी भरतं. उरलेली राख म्हणजे फिलर. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात फसफसली तर खडू समजा.


शोषणपट्टा

+१. आणि फिलर असताना "पीपी अधिक पीई बरोबर शंभर" हे समीकरणच मोडतं. आकडा कशाचा टक्का आहे ते ठरवा, अख्ख्या दाण्याचा की नुसत्या पॉलिमरचा.


खडकवासला_एक्सप्रेस

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धाग्याचं काश्मीर न होता पन्नास प्रतिसाद व्हावेत ही इच्छा.


भोसरीचा_मोल्डर

स्वतः करायचं ठरवलं तर कसं करू? ओळखीच्या एका कॉलेजात एफटीआयआर तासाच्या भाड्याने मिळतंय. नवा पीपी आणि एचडी माझ्याकडे आहेच. दोन्ही दाणे वजन करून बरणीत हलवून न्यायचे, झालं?


जुना_कंपाउंडर

झालं नाही! बरणीत हलवलेले दाणे म्हणजे मिश्रण नव्हे, शेजारी शेजारी बसलेले दाणे. हिऱ्याच्या एटीआरवर तुम्ही एका दाण्याचा मिलिमीटरभर भाग दाबणार. तो दाणा पीपीचा निघाला तर शंभर टक्के, एचडीचा निघाला तर शून्य. वितळवून मिसळायला हवं. ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडर मिळाला तर उत्तम. नाहीतर तुमच्याच इंजेक्शन मशीनच्या बॅरलमधून पर्ज (वितळलेला गोळा) काढा, थंड करून ग्राइंडरमध्ये दळा आणि परत एकदा फिरवा. प्रत्येक मिश्रणाआधी बॅरल साफ, नाहीतर मागच्या मिश्रणाचं शेपूट पुढच्यात येतं.


शोषणपट्टा

एटीआर की फिल्म, यावर माझं मत फिल्म. एटीआरमध्ये प्रकाश नमुन्यात फार आत शिरत नाही. हिरा, ४५ अंशांचा कोन आणि आपलं नेहमीचं प्लास्टिक धरलं तर १००० च्या रेघेला साधारण २ मायक्रॉन. ही खोली रेघेगणिक बदलते, ७२० ला ती १३७६ च्या जवळजवळ दुप्पट. हे कॅलिब्रेशनमध्ये मुरून जातं, त्याचं काही नाही. खरी अडचण अशी की पीपी आणि पीई एकमेकांत विरघळत नाहीत. तुमचे पापुद्रे त्यामुळेच सुटतात. वरच्या २ मायक्रॉनमध्ये जे आहे तेच आत आहे याची हमी कोण देणार?

फिल्मसाठी: मूठभर दाणे दळून, त्यातला चिमूटभर चुरा टेफ्लॉनच्या दोन पातळ शीटमध्ये, १९० च्या आसपास गरम प्रेसखाली. जाडी ३० ते ५० मायक्रॉन. जाड झाली तर १३७६ ची रेघ छताला टेकते आणि मग कितीही पीपी घाला, ती वर जात नाही. तसं झालं तर ११६७ ची रेघ धरा, ती बुटकी आहे. पातळ आणि गुळगुळीत झाली तर बेसलाइनवर लाटा उठतात, कारण फिल्मच्या दोन पृष्ठभागांवरून परतलेला प्रकाश आपसात भिडतो. ३० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये दोन लाटांत ११० च्या आसपास अंतर पडतं, त्यावरून त्या ओळखू येतात. बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला की लाटा बसतात.

आणि थंड करण्याची पद्धत सगळ्यांना एकच. पीपीच्या ९९८ आणि ८४१ या रेघा स्फटिकतेवर हलतात, पीईची ७३० पण. अर्ध्या फिल्म बर्फाच्या पाण्यात आणि अर्ध्या प्रेसमध्येच निवत ठेवल्या तर तुम्ही पीई नव्हे, थंडाव्याचा वेग मोजाल. ७२० आणि ७३० चं एकत्र क्षेत्रफळ घेतलं तर हा त्रास थोडा कमी होतो.


कोथरूडची_मावशी

पावसाळ्यात मशीनला त्रास होतो का? भाचा म्हणत होता की त्यांच्या लॅबमध्ये जुलैत एसी बंद करायला परवानगी नाही.


शोषणपट्टा

भाचा बरोबर बोलतोय. बऱ्याच मशीनच्या आतल्या खिडक्या आणि प्रकाश दुभागणारी काच पोटॅशियम ब्रोमाइडची असते. ते मिठासारखं पाणी ओढतं आणि धुरकट होतं. म्हणून आत सिलिका जेलच्या पुड्या असतात. शिवाय हवेतल्या वाफेच्या बारीक बारीक रेघा १३०० ते १९०० या पट्ट्यात पडतात आणि आपली १३७६ नेमकी तिथेच. पुण्यातल्या जुलैत बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचं वाचन) दर नमुन्याआधी घ्या. सकाळी एकदा घेऊन दुपारपर्यंत रेटू नका.


चल_आणि_अचल

नमुन्यांची मांडणी मी सांगतो.

शून्य, पाच, दहा, पंधरा, वीस, तीस टक्के पीई. हे मोजायच्या दिवशी चढत्या क्रमाने मोजू नका, चिठ्ठ्या टाकून क्रम लावा. मशीन दिवसभरात हळूहळू सरकतं. चढत्या क्रमाने मोजलं तर ते सरकणं आणि टक्केवारी एकात एक गुंतून बसतात, मग ती कुणाला सोडवता येत नाहीत. प्रत्येक टक्केवारीचं मिश्रण दोन वेगळ्या वेळी करा. एकाच मिश्रणाच्या पाच फिल्म म्हणजे पाच नमुने नव्हेत.

कंपाउंडर काकांनी सांगितलेले सगळे चोर प्रमाण-नमुन्यांत मुद्दाम घाला. काही मिश्रणं होमो पीपीची, काही इम्पॅक्टची. काहींत एचडी, काहींत एलडी. काहींत खडू. मॉडेलने जे कधी पाहिलं नाही त्याबद्दल ते गप्प बसत नाही, बेधडक आकडा देतं. हाच या सगळ्या खटाटोपातला धोका.

त्यासाठी आपल्याच माणसाची एक पद्धत आहे. प्रशांतचंद्र महालनोबिसांनी १९३६ मध्ये मांडलेलं अंतर. नवा स्पेक्ट्रम कॅलिब्रेशनच्या घोळक्यापासून किती दूर आहे ते त्यावरून कळतं. साधं अंतर नव्हे, घोळका कुठल्या दिशेला किती पसरलाय ते जमेस धरून काढलेलं. दूर निघाला तर आकडा छापायचाच नाही, "हा माल आमच्या ओळखीचा नाही" असं लिहायचं. @पाषाणचा_संशोधक, हे पीएलएससोबत लावलंत तर माझी तक्रार नाही.


पाषाणचा_संशोधक

लावतो सर. जोडीला स्पेक्ट्रमचा न जुळलेला उरलेला भागही बघायला हवा. एखादा अगदीच नवा पदार्थ आला, समजा नायलॉन, तर तो महालनोबिस अंतरात दिसेलच असं नाही, पण उरलेल्या भागात ठसठशीत दिसतो.

फाइल्स पाठवा, मोफत करून देतो. मलाही असा कळकट डेटा हवाच आहे. प्रयोगशाळेतला डेटा फार सोज्ज्वळ असतो.


भोसरीचा_मोल्डर

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. मिश्रणं झाली, फिल्म झाल्या, संशोधकसाहेबांनी मॉडेल बसवलं. चार नमुने माझ्या भावाने मिसळून नुसते अ, ब, क, ड लिहून दिले होते, म्हणजे मलाही माहीत नव्हतं कशात किती. त्या चारांसकट जे बाहेर ठेवले होते त्यांच्यावर आरएमएसईपी सुमारे २ टक्के आला.

गंमत अशी की दोन रेघांच्या साध्या पद्धतीने बिनखडूच्या नमुन्यांवर जवळपास तेवढीच चूक आली. खडू घातलेल्यांवर मात्र ती सपाट आपटली, दर वेळी पीई जास्त दाखवते. पीएलएस तिथे टिकलं.

त्या भांडणाच्या लॉटची राख ६ टक्के. पॉलिमर भागात पीई १७ टक्के. डीएससी (नमुना तापवत नेऊन कुठल्या तापमानाला काय वितळतं ते बघण्याची चाचणी) पण करून घेतली: १६३ ला पीपीचा मोठा खड्डा आणि १२९ ला पीईचा ठळक छोटा. पुरवठादाराला दोन्ही कागद दाखवले. म्हणाला, "साहेब, थोडं इकडचं तिकडे होतं."

आता प्रश्न असा. दहा टक्क्यांच्या वर पीई असेल तर माल परत, असं ठरवलंय. नवीन लॉट ९ आला. घेऊ?


चल_आणि_अचल

९ म्हणजे ९ नव्हे. आरएमएसईपी २ असेल तर ढोबळमानाने खरा आकडा ५ ते १३ मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून दोन रेषा आखा. ६ किंवा कमी आला तर घ्या, १४ किंवा जास्त आला तर परत पाठवा. मधला आला तर पुन्हा नमुना काढा, दुसऱ्या पोत्यातून. त्याच फिल्मवर दहा वेळा मशीन फिरवून काही मिळणार नाही. वाचनं वाढवल्याने वाचनातली डळमळ कमी होते, कॅलिब्रेशनमधली चूक तशीच राहते.

आणखी एक. भाकिताची पट्टी डमरूसारखी असते, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद. तुमचे नमुने शून्य ते तीस आहेत, म्हणजे मध्य पंधराच्या थोडा अलीकडे. दहाच्या आसपास निर्णय घ्यायचा आहे तर तिथेच आणखी चार मिश्रणं करून घाला. दोन रेषांमधला पट्टा थोडा अरुंद होईल.

६ आणि १४ या रेषा तुमच्या पैशांवर सरकवा. चांगला माल परत पाठवल्याचं नुकसान मोठं, की वाईट माल घेऊन चाकणच्या गिऱ्हाइकाकडून झाकणं परत आल्याचं? ते गणित मला येत नाही, तुम्हालाच करायचंय.


भोसरीचा_मोल्डर

झाकणं परत येणं महाग. मग घ्यायची रेषा ५ वर आणतो. बादल्यांना १२ पर्यंत चालवून घेईन, तिथे बिजागरी नाही.


भंगारशास्त्री

एवढं सगळं करून शेवटी बादलीच. बरं, काळा दाणा असेल तर काय करता? आमच्याकडे निम्मा माल काळा.


शोषणपट्टा

काळ्यात वांदे आहेत. त्यातला कार्बन ब्लॅक प्रकाश गिळतो. फिल्म असेल तर मशीनपर्यंत काही पोचतच नाही, एटीआरमध्ये बेसलाइन उताराला लागते. जर्मेनियमचं क्रिस्टल घेतलं तर खोली आणखी कमी होते आणि स्पेक्ट्रम बरा येतो, पण मग वरचा अर्धा-पाऊण मायक्रॉनच बघताय. मोठ्या सॉर्टिंग प्लांटमधली निअर-इन्फ्रारेड यंत्रंसुद्धा काळ्या प्लास्टिकपुढे आंधळी होतात, त्याचं कारण हेच. काळ्यासाठी मी सरळ डीएससी करेन. तिथेही वितळण्याच्या उष्णतेवरून टक्केवारी काढायची तर प्रमाण-नमुने आलेच.


भंगारशास्त्री

म्हणजे आमची वास घेणारी पोरं अजून नोकरीत राहणार.


जुना_कंपाउंडर

राहू द्या की. पोरं पेट आणि पीव्हीसी वेचून काढतात म्हणून मोल्डरसाहेबांचं मॉडेल सोपं होतंय.

@मोल्डर, एक सांगायचं राहिलं. तुमचा पुरवठादार बॅटरीचं भंगार कधीपासून दळतोय ते विचारून ठेवा. हल्ली कुदळवाडीची बरीच गोदामं हलली, मालाचे रस्ते बदलले. इम्पॅक्ट ग्रेडचा वाटा अचानक वाढला तर पीई न वाढता तुमचा आकडा वाढेल. एकट्या एफटीआयआरने ते उलगडणार नाही. त्या लॉटची डीएससी करा आणि १३० जवळचा खड्डा खरंच वाढलाय का ते बघा.


भोसरीचा_मोल्डर

विचारलं. म्हणतो, "दिवाळीपासून थोडं थोडं." पुढच्या लॉटची डीएससी सांगून ठेवली आहे. ८७५ चा सुळका या वेळी दिसत नाही.